पदकाखालची ओळ

डॉक्टर क्वेक पेटीतून पदक काढायचे, मखमलीवर ठेवायचे आणि क्षणभर त्यावर तळहात धरून थांबायचे, पेशंटचा ताप बघावा तसे. सुलेखाला त्यांची ही लकब पहिल्या भेटीतच आवडली होती.

सिंगापूरचे, ऐंशीच्या घरातले निवृत्त सर्जन होते ते. तरुणपणी हॅम्बुर्गला शिकायला गेले, तिथल्या रविवारच्या बाजारात एक पदक दिसलं आणि मग तो नादच लागला. जमवली ती फक्त जर्मन पदकं, आणि तीही युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांना दिलेली. फ्रान्सबरोबरच्या १८७०च्या लढाईनंतर बायकांना दिलेला क्रॉस होता; आकार लढवय्यांच्या आयर्न क्रॉसचाच, पण मधोमध छोटासा लाल क्रॉस. कैसरच्या काळातलं रेड क्रॉस पदक तिन्ही वर्गांचं होतं. त्यातलं तिसऱ्या वर्गाचं हाताला अगदी हलकं लागायचं, कारण पहिल्या महायुद्धात चांगला धातू तोफांकडे गेला आणि पदकं जस्तासारख्या स्वस्त मालातून पाडावी लागली.

"महायुद्धात इथे जपान्यांचं राज्य होतं, तेव्हा माझी आई नर्स होती," ते एकदा म्हणाले. "तीच बँडेजं पुन्हा पुन्हा उकळून तिच्या बोटांची सालं निघायची. तिला कुणी काही दिलं नाही. म्हणून मी दुसऱ्यांच्या आयांची पदकं गोळा करत बसलो."

२०१६ साल होतं. तोआ पायोहमधल्या एका नर्सिंग प्रशिक्षण संस्थेत या पदकांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यांच्याखालची माहिती लिहायचं काम सुलेखाकडे आलं होतं. वैद्यकाचा इतिहास हा तिचा विषय. पीएचडी तिनं जर्मनीत केली होती आणि तीन वर्षांपासून ती सिंगापूरच्या विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे कंत्राटी संशोधक, होती. शैलेंद्र सरांनी तिला बोलावून घेतलं होतं. ते मूळचे पुण्याचे, इथे वीस वर्षं काढलेले, विभागाचे प्रमुख. प्रदर्शनाचा करारही त्यांनीच जमवून आणला होता.

शेवटच्या पेटीत पांढऱ्या मिन्याचा एक क्रॉस निघाला. मधोमध सोनेरी गरुड, गरुडाच्या पंजात स्वस्तिक. आपल्या दारावरचं नव्हे, हिटलरचं.

"हे १९३९नंतरचं," डॉक्टर म्हणाले. "दुर्मीळ नाही, पण मूळ पेटीसकट मिळणं कठीण. हे बघ."

झाकणाच्या आतल्या बाजूला चांदीची छोटी पट्टी होती. त्यावर कोरलं होतं: सिस्टर हेडविग, आणि खाली एका संस्थेचं नाव.

सुलेखा ते नाव वाचून खुर्चीवर बसली. पीएचडीच्या काळात त्या संस्थेच्या गावात तिनं एक अख्खा हिवाळा काढला होता. हिटलरच्या काळात तिथे मुलांचा एक वॉर्ड होता. ज्यांना चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, फिट्स यायच्या, अशी मुलं तिथे ‘उपचारासाठी’ आणली जायची. डॉक्टर एखाद्या मुलाच्या कागदावर खूण करायचे. त्यानंतर त्या मुलाच्या लापशीत रोज थोडं जास्त झोपेचं औषध पडायचं, छाती भरेपर्यंत. आईबापांना कळवलं जायचं, न्यूमोनिया झाला. लापशी डॉक्टर भरवत नव्हते. ते काम नर्सचं होतं, आणि त्या वॉर्डची प्रमुख नर्स सिस्टर हेडविग होती. युद्ध संपल्यावर तिच्यावर खटला झाला. "मला सांगितलं ते मी केलं," असं ती कोर्टात म्हणाली आणि सुटली.

सुलेखानं हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पट्टीवरचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "कदाचित हे तिला सैनिकांच्या सेवेसाठी मिळालं असेल."

"तिथे सैनिक नव्हते, डॉक्टर. मुलंच होती."

त्यांनी झाकण लावलं. तळहात ठेवला नाही.

सुलेखानं त्या पदकाखाली लिहायला चार ओळी तयार केल्या. पदक कधीचं, कुणाला मिळालं, ती कुठे काम करत होती आणि त्या वॉर्डमध्ये मुलांचं काय झालं. विशेषण एकही नव्हतं. मजकूर पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी शैलेंद्र सरांचं बोलावणं आलं.

"बस," ते म्हणाले. त्यांच्या केबिनमध्ये नेहमी चिवड्याचा डबा असायचा, तो त्यांनी तिच्यापुढे सरकवला. "लिहिलंयस उत्तम. पण हे तिथे लावता येणार नाही."

"का, सर?"

"अगं, नर्सिंगच्या मुली येणार आहेत. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी. सेवेची प्रेरणा मिळावी म्हणून हे प्रदर्शन. त्यात तू त्यांना लापशी आणि झोपेचं औषध दाखवणार? संस्थेच्या बाईंनी मला फोन केला. त्या म्हणतात, फक्त एवढंच लिहा." त्यांनी कागद वाचला. "‘युद्धकाळातील शुश्रूषेसाठी दिले गेलेले मानचिन्ह.’"

"हे खोटं आहे."

"यातला खोटा शब्द दाखव."

सुलेखानं कागद हातात घेतला. युद्धकाळ खरा होता. शुश्रूषेसाठी हेही सरकारी कागदोपत्री खरंच. मानचिन्ह तर समोरच होतं. एकेक शब्द खरा होता, आणि त्यानंच तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"नाही दाखवता येत," ती म्हणाली. "पण मी लिहिलेलं म्हणून हे पदकाखाली जाणार नाही."

"सुलेखा." सर खुर्चीत मागे रेलले. "डिसेंबरला तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. रिन्यूअलला माझी शिफारस लागते. हे मी धमकी म्हणून सांगत नाहीये."

"मग कशासाठी सांगताय?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "प्रसन्नशी बोल घरी गेल्यावर," ते म्हणाले. "तो शहाणा आहे."

प्रसन्न म्हणजे तिचा नवरा. पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून तो तिच्यामागे सिंगापूरला आला होता. तिच्या एम्प्लॉयमेंट पासवर त्याचा डिपेंडंट पास, आणि मुलीचाही; तिची नोकरी गेली की तिघांचाही इथला मुक्काम संपला. क्लेमेंटीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये घर तोच सांभाळायचा; स्वयंपाक, बाजार, आणि मुख्य म्हणजे इरा. इरा आठ वर्षांची होती. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पाय ताठ, डावा हात अर्धाच ऐकणारा, तोंड मात्र पूर्ण चालू. वॉकर घेऊन ती घरभर अशी फिरायची की खालच्या मजल्यावरची आंटी एकदा वर येऊन विचारून गेली, तुमच्याकडे सुतारकाम चाललंय का.

संध्याकाळी प्रसन्न पिठलं ढवळत होता. सुलेखानं सगळं सांगितलं. तो गॅसकडे तोंड करूनच म्हणाला, "मग? काय ठरवलंयस?"

"त्यांची ओळ लावली तरी मी मुलींना तोंडानं सांगणार. उद्घाटनाच्या दिवशी त्यांना फिरवून दाखवायचं काम माझ्याकडेच आहे."

"आणि डिसेंबरात?"

ती ताटं मांडायला लागली.

"मला एक सांग," तो वळला. त्याचा आवाज चढला नव्हता. "ती मुलं गेली, त्याला पाऊणशे वर्षं झाली. वाईट झालं, फार वाईट झालं. पण आपली मुलगी जिवंत आहे. इथल्या बसला रॅम्प आहे. ड्रायव्हर स्वतः उतरतो, रॅम्प टाकतो. तिची शाळा आहे, तिची थेरपिस्ट आहे, जिच्यासाठी ती सकाळी न रडता उठते. पुण्यात मला एक फूटपाथ दाखव, ज्यावरून तिचा वॉकर शंभर पावलं जाईल. एक दाखव."

"नाही दाखवता येत," ती पुन्हा म्हणाली. दिवसात दुसऱ्यांदा.

"मग कुणासाठी करतेयस हे?"

वॉकरचा खटखटाट झाला आणि इरा दारात येऊन उभी राहिली; बोलायची ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत. "व्हाय यू ऑल फाइटिंग?"

"भांडत नाही आहोत," प्रसन्न म्हणाला.

"गॉट फाइटिंग. आय हर्ड. विच चिल्ड्रन डाय?"

प्रसन्ननं सुलेखाकडे पाहिलं, ‘नको’ अशा नजरेनं. पण इराला अर्धं सांगून कधीच भागत नसे, हे दोघांनाही ठाऊक होतं. सुलेखा खाली बसली, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आली.

"खूप वर्षांपूर्वी, जर्मनीत. एक हॉस्पिटल होतं. तिथे काही मुलांना चालता येत नव्हतं. तिथल्या मोठ्या माणसांनी ठरवलं की ही मुलं नकोत, आणि तिथल्या नर्सनं त्यांना खाण्यातून वाईट औषध दिलं."

"लाइक मी?"

"हो. तुझ्यासारखी."

इरानं विचार केला. तिचा डावा हात वॉकरवरून घसरला, तो तिनं उजव्या हातानं उचलून परत ठेवला. "देन हू स्कोल्ड द नर्स?"

"कुणीच नाही रागावलं. उलट तिला मेडल दिलं."

"मेडल?" इराचा आवाज घरभर घुमला. "सो बॅड! मम्मा, यू स्कोल्ड लाह!"

प्रसन्ननं गॅस बंद केला. पिठलं खाली लागलं होतं, त्याचा वास सुटला होता.  जेवणानंतर भांडी घासताना तो, पाठ फिरवूनच, म्हणाला, "बोल मग. पण बोलायचंच तर पुरतं बोल. अर्धवट बोललीस तर नोकरीही जाईल आणि तुझं तुला खातही राहील."

उद्घाटनाच्या सकाळी हॉल ऑर्किडनी सजवला होता. दारातच डॉक्टर क्वेकांच्या आईचा मोठा फोटो होता, पांढऱ्या टोपीतली किडकिडीत मुलगी. पांढऱ्या क्रॉसखाली संस्थेची ती एक ओळ छापून लागली होती. फीत कापली गेली, भाषणं झाली, शैलेंद्र सर ‘करुणेला देश नसतो’ या विषयावर छान बोलले. मग निळ्या गणवेशातल्या मुलींचा घोळका सुलेखाच्या स्वाधीन झाला. चिनी, मलाय, तमिळ, काही फिलिपिनो. पाहुणे चहाचे कप घेऊन मागेमागे येत होते.

पहिल्या कपाटांशी ती नेहमीसारखं बोलली. बर्फात स्ट्रेचर ओढणाऱ्या बायका, टायफस तापाची साथ असलेल्या सैनिकी तळावर जाऊन स्वतः टायफसनं मेलेल्या. मुली मन लावून ऐकत होत्या. पांढऱ्या क्रॉसपाशी ती थांबली. 

"याच्याखाली जे लिहिलंय ते वाचा," ती म्हणाली. मुलींनी वाचलं. "आता जे लिहिलेलं नाही ते ऐका."

तिनं सांगायला सुरुवात केली. संस्था, वॉर्ड, खुणा, लापशी. चहाच्या कपांची किणकिण थांबली. शैलेंद्र सर गर्दीतून वाट काढत पुढे आले आणि हसऱ्या चेहऱ्यानं इंग्रजीत म्हणाले, "थँक यू, सुलेखा, आपण पुढच्या कपाटाकडे जाऊ या का?"

"अजून झालं नाही, सर."

"सुलेखा," आता मराठीत, दातांमधून, "तमाशा नको इथे."

"तमाशा तर या ओळीनं केलाय, सर. मी फक्त माहिती देतेय."

मराठी कुणाला कळलं नाही, पण सूर सगळ्यांना कळला. संस्थेच्या बाईंनी कुणाला तरी खूण केली. सुलेखानं मुलींकडे तोंड केलं आणि बोलत राहिली, आवाज थोडा चढवून. त्या वॉर्डमधल्या नर्स राक्षस नव्हत्या, ती म्हणाली. त्या पांघरुणं नीट घालायच्या, मुलांचे केस विंचरायच्या. काहींना गाणी येत होती. म्हणून तर मुलं त्यांच्या हातून खायची.

पुढच्या रांगेतली एक मलाय मुलगी, डोक्याला स्कार्फ, हात वर न करताच म्हणाली, "पण मॅडम, डॉक्टरांची ऑर्डर असेल तर नर्स काय करणार? नाही म्हटलं असतं तर तिलाच मारलं असतं ना?"

"असंच सगळ्यांना वाटतं," सुलेखा म्हणाली. "त्या नर्सही कोर्टात हेच म्हणाल्या. पण त्याच वॉर्डमधल्या एकीनं सांगितलं होतं की हे काम मी करणार नाही, माझी बदली करा. तिची बदली केली. दुसऱ्या गावी, कमी पगारावर. त्यापलीकडे तिला काही झालं नाही. तिला पदकही मिळालं नाही, म्हणून ती या कपाटात नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या मुलीनं मान खाली घातली आणि पदकाकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

तेवढ्यात डॉक्टर क्वेक पुढे आले. चेहरा लाल झाला होता. त्यांनी खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि तो पांढरा क्रॉस पेटीसकट उचलला. "झालं," ते म्हणाले. "हे इथे नको. चूक माझी, मी आणायलाच नको होतं."

शैलेंद्र सरांनी सुटकेचा श्वास सोडला. पाहुणे हलू लागले. सुलेखानं इथे थांबायला हवं होतं, असं नंतर तिला अनेकांनी सांगितलं. तिचं म्हणणं तर मान्य झालं होतं.

"डॉक्टर, ते काढू नका," ती म्हणाली.

"काय?"

"ते राहू द्या. खरी माहिती लावून राहू द्या. काढलंत तर उरलेली सगळी पदकं खोटी होतील. बघणाऱ्याला वाटेल, पांढरा गणवेश घातला की माणूस चांगलाच."

"तिथे माझ्या आईचा फोटो आहे!" म्हातारा पहिल्यांदाच ओरडला. "त्या बाईचं पदक माझ्या आईच्या शेजारी ठेवू?"

"हो. तुमच्या आईनं काय केलं आणि काय केलं नाही, हे त्याशिवाय कसं कळणार?"

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, आता हात उगारतील. मग पेटी कोटाच्या खिशात घातली आणि ते हॉलबाहेर निघून गेले. लिफ्टसाठीही थांबले नाहीत, जिन्यानं गेले.

 पुढच्या आठवड्यात शैलेंद्र सरांचं ईमेल आलं, दोन परिच्छेदांचं, अतिशय सभ्य. विभागाच्या बदलत्या गरजा लक्षात घेता कॉन्ट्रॅक्ट वाढवता येत नाही. खाली पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. सुलेखानं ते ट्रेनमध्ये उभ्याउभ्या वाचलं, आणि ब्वोना व्हिस्टाला उतरायचं विसरली.

तिला वाटलं होतं, आपल्याला अभिमान वाटेल. तसं काही झालं नाही.  घरी जाऊन तिनं प्रसन्नच्या हातात फोन दिला. त्यानं वाचलं, परत दिला आणि म्हणाला, "बरं. कुणाला फ्रिज हवाय का, विचारायला लागतो." मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला.

इराला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. "पण यू स्कोल्ड द नर्स," ती म्हणाली. "देन व्हाय दे स्कोल्ड यू?" याचं उत्तर द्यायचा सुलेखानं प्रयत्न केला. इरानं ऐकून घेतलं, आणि पुण्याला मी येणार नाही, असं जाहीर करून वॉकर दारात आडवा लावून बसली. थेरपिस्टकडच्या शेवटच्या दिवशी तिनं जो टाहो फोडला तो सुलेखा कधी विसरणार नव्हती. त्या रडण्याची भरपाई कशानंही होत नाही, हे तिला तेव्हाच कळलं. आणि तरीही त्या हॉलमध्ये परत उभं केलं असतं तर ती तेच बोलली असती, हेही.

नोव्हेंबरात एका सकाळी डॉक्टर क्वेकांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही. "त्या दुसऱ्या नर्सचं नाव काय होतं? बदली मागणारीचं."

"मार्था."

"मी झोपू शकत नाही," ते म्हणाले. "माझी आई जपानी डॉक्टरच्या हाताखाली होती. एकदा त्यानं तिला काहीतरी सांगितलं आणि तिनं ते केलं नाही. काय ते तिनं मला कधीच सांगितलं नाही. इतकंच म्हणायची, त्या दिवशी मी दोन थपडा खाल्ल्या. मी तो फोटो लावला, आणि थपडांबद्दल एक शब्द लिहिला नाही."

त्यांनी संस्थेला कळवलं होतं की पांढरा क्रॉस परत कपाटात जाईल, सुलेखाच्या चार ओळींसकट. संस्थेनं नकार दिला. मग त्यांनी सगळीच पदकं उचलून आणली.

"आमच्या क्वेक आडनावाच्या लोकांच्या मंडळाचा गेलांगला हॉल आहे," ते म्हणाले. "पंखे जुने आहेत, खाली माहजाँगचा खेळ चालतो. पण तिथे मला कुणी जाब विचारत नाही. तू पुण्याला परत चाललीस असं ऐकलं; त्याआधी किती शनिवार आहेत?"

प्रदर्शन तिथे पुन्हा लागलं. ऑर्किड नव्हते. मार्थासाठी एक रिकामी चौकट होती, खाली तिचं नाव आणि तिनं काय केलं ते. आईच्या फोटोखाली डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं थपडांची हकिकत लिहिली होती, इंग्रजीत आणि चिनीत. पहिल्या शनिवारी आठ माणसं आली, त्यातली तीन माहजाँगवाली. दुसऱ्या शनिवारी ती स्कार्फवाली मुलगी आली, वर्गातल्या मैत्रिणींना घेऊन. त्यांच्या संस्थेनं इथे जाऊ नका असं सांगितलं होतं, म्हणून त्या गणवेश न घालता आल्या होत्या.

शेवटच्या शनिवारी हॉल भरला होता. प्रसन्न इराला घेऊन पुढेच बसला होता. फ्लॅट रिकामा झाला होता, तिकिटं काढली होती. सुलेखा पांढऱ्या क्रॉसपाशी पोचली तेव्हा दारात शैलेंद्र सर उभे दिसले. त्यांच्या हातात छत्री होती. आत यावं की नाही, असे ते चपलांच्या ढिगाशी घुटमळत होते. त्यांनी तिला खुणेनंच विचारलं, दोन मिनिटं बोलायचं होतं.

"सर, या ना," ती मराठीत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पण आधी बसा. मागच्या वेळी तुम्ही अर्धंच ऐकलं होतं."

मागच्या रांगेतल्या मुलींनी सरकून जागा केली. सर क्षणभर थांबले, मग आत येऊन बसले. सुलेखानं कपाटाच्या काचेवर बोट ठेवलं आणि त्या वॉर्डपासून पुन्हा सुरुवात केली, मागच्या वेळेपेक्षा मोठ्यानं.